बच्छावत निवाडा आणि कोयनेचें खोरें : एक कागद-परीक्षण

कृष्णा नदीच्या पाण्याची वांटणी ठरविणाऱ्या लवादाचा अंतिम हुकूम भारत सरकारच्या राजपत्रांत ता. ३१ मे १९७६ रोजीं प्रसिद्ध झाला. न्या. आर. एस. बच्छावत हे ह्या लवादाचे अध्यक्ष आणि न्या. डी. एम. भंडारी व न्या. डी. एम. सेन हे सभासद होते. लोकांत ह्यास बच्छावत निवाडा म्हणतात. आम्हीही पुढें तेंच नांव ठेवतों. वकिलांनीं, पाटबंधाऱ्यांच्या अधिकाऱ्यांनीं आणि तीन राज्यांच्या मंत्र्यांनीं हा निवाडा ओळ न् ओळ वाचलेला आहे. परंतु महजर, करीने आणि निवाडपत्रें वाचण्यांत ज्यांची हयात गेली अशा मंडळींपैकीं कोणी त्याचें कागद म्हणून परीक्षण केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. अवघ्या अर्धशतकापूर्वींचा कागद इतिहासाच्या कक्षेंत येत नाहीं असें कोणी म्हणेल. पण कागद जुना होण्याची वाट पाहत बसलें म्हणजे मधल्या काळांत त्याच्या भोंवतालचे लहान कागद नाहींसे होतात, हा अनुभव ह्या पानांच्या वाचकांस सांगावयास नको.

तेव्हां महजर हातीं आला असतां आपण जें विचारतों तेंच येथें विचारावें : कागद कोणी केला, कोणाच्या तक्रारीवरून केला, मजालशीस हजर कोण होतें, शिक्का कोणाचा, आणि काय लिहिलें व काय वगळलें. परीक्षणाचें स्थळ म्हणून आम्ही कोयनेचें खोरें घेतलें आहे. कारण निवाड्याचें एक कलम ह्याच खोऱ्याविषयीं आहे आणि त्या कलमांत संघराज्याचा कारभार जसा चालतो तसा, गुंतागुंतीसकट, पाहावयास मिळतो.

कोयनानगर हें नांव शिवकालीन किंवा पेशवेकालीन दप्तरांत शोधूं जाणाऱ्यास मिळणार नाहीं. तेथें हेळवाक मिळेल, पाटण मिळेल, वर उत्तरेस जावळी मिळेल. धरणाच्या कामाची वसाहत म्हणून हें गांव विसाव्या शतकाच्या मध्यांत उभें राहिलें. कोयना महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावून दक्षिणेस वाहते, हेळवाकाजवळ पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेस मिळते. ह्या वळणाजवळ देशमुखवाडीस धरण घातलें. पाण्याची स्वाभाविक वाट पूर्वेची. परंतु सह्याद्रीच्या पोटांतून बोगदे पाडून तें पश्चिमेस पोफळीकडे नेलें, सुमारें पावणेपांचशे मीटर खालीं उतरवून त्यापासून वीज काढली आणि मग वाशिष्ठी नदीवाटे समुद्रास सोडून दिलें. पहिली वीज १९६२ सालीं निघाली. पुढील टप्पे धरून ही क्षमता १९६० मेगावॅटपर्यंत गेली. पूर्वेकडे वापरलेल्या पाण्याचा कांहीं अंश तरी झिरपून पुन्हां नदींत येतो. घाट उतरलेलें पाणी कृष्णेस कायमचें अंतरतें. म्हणजे पाटण तालुक्यांत एक दार उघडलें तर त्याचा हिशेब रायचूर, कर्नूल आणि विजयवाडा येथें लागतो. एका राज्यानें आपल्या हद्दींत, आपल्या पैशानें केलेल्या कामाचा जाब दुसरें राज्य विचारूं शकतें काय, आणि विचारल्यास तो घेणारा कोण, हा येथील प्रश्न.

संविधानाचें ह्या बाबतींतलें उत्तर एका वाक्यांत मावत नाहीं. सातव्या अनुसूचींत पाणी हा विषय राज्यसूचीच्या १७ व्या नोंदींत आहे. पण ती नोंद केंद्रसूचीच्या ५६ व्या नोंदीस अधीन आहे, आणि ह्या दुसऱ्या नोंदीप्रमाणें आंतरराज्य नद्यांचें नियमन, संसद कायद्यानें ठरवील तितक्यापुरतें, केंद्राकडे जातें. त्याच पाण्यापासून निघणारी वीज समवर्ती सूचींत, ३८ व्या नोंदींत, म्हणजे दोघांच्याही अधिकारांत. एकाच जलाशयांतील पाणी असें तिन्ही सूचींतून वाहतें. राज्याराज्यांत तंटा पडला तर अनुच्छेद २६२ लागूं होतो. त्या अन्वयें संसदेनें १९५६ सालीं आंतरराज्य नदी-पाणीतंट्यांचा कायदा केला. तक्रार राज्य सरकारनें करावयाची, बोलाचालीनें तंटा मिटत नाहीं अशी केंद्राची खात्री झाली म्हणजे केंद्रानें लवाद नेमावयाचा, लवादावरील न्यायाधीशांचीं नांवें भारताच्या सरन्यायाधीशांनीं सुचवावयाचीं, आणि सर्वोच्च न्यायालयासह सर्व न्यायालयांनीं मूळ तंट्यापासून दूर राहावयाचें, अशी ह्या कायद्याची रचना आहे.

ही रचना १९५० सालीं नव्यानें सुचलेली नव्हे. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यांत १३० व्या कलमापासून पुढें हाच सांगाडा आहे : प्रांतानें किंवा संस्थानानें गव्हर्नर-जनरलकडे तक्रार करावी, त्यानें आयोग नेमावा, न्यायालयांनीं हात घालूं नये. मराठ्यांच्या सरंजामी मंडळास संघराज्य म्हणण्याची जी हौस कांहीं लेखकांस असते तिला येथें उत्तर आहे. शिंदे, होळकर, गायकवाड यांचे मुलूख वेगळे होते, सत्ताही बरीच वेगळी होती. पण कोणता विषय कोणाचा हें लिहून ठेवणारा कागद नव्हता आणि तंटा पडल्यास दोघांनींही ज्याच्या दारीं जावें असें ठरलेलें स्थान नव्हतें. सत्ता विभागली गेली म्हणजे संघराज्य होतें असें नाहीं. (जातां जातां एक गंमतीची गोष्ट. आजच्या व्यवस्थेंत पाण्याचा तंटा लवादाकडे जातो, शिवेचा तंटा मात्र अनुच्छेद १३१ खालीं थेट सर्वोच्च न्यायालयांत नेतां येतो. बेळगांवचा दावा महाराष्ट्रानें २००४ सालीं तेथेंच लावला. जुन्या गोतसभेपुढें शीव आणि पाट हे दोन्ही वाद एकाच पारावर बसून सोडवीत असत.)

आतां निवाड्यापूर्वींच्या कागदांकडे वळूं. जुलै १९५१ मध्यें नियोजन मंडळानें दिल्लीस बोलाविलेल्या बैठकींत कृष्णेच्या पाण्याची एक वांटणी ठरली होती. मुंबई, मद्रास, हैदराबाद हीं राज्यें तींत होतीं. मैसूर राज्यानें मात्र त्या वांटणीस मान्यता दिली नाहीं. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर हें एका भाऊबंदाची निशाणी नसलेलें वांटणीपत्र होय. अशा पत्राची किंमत काय, हें वतनाच्या कागदांत मुरलेल्या वाचकांस ठाऊक आहे : ज्यांनीं निशाण्या केल्या ते त्याचा आधार घेत राहतात, ज्यानें केली नाहीं तो तें पत्रच नाहीं असें म्हणतो, आणि पुढच्या पिढींत मूळ वादाइतकाच वाद त्या पत्रावर होतो. येथेंही तसेंच झालें. शिवाय एक नवीच अडचण उभी राहिली. १९५३ मध्यें मद्रासेंतून आंध्र निघालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्य नाहींसें झालें व त्याचे तुकडे तिघांत वांटले गेले. १ मे १९६० रोजीं मुंबईचीं दोन राज्यें झालीं. दहा वर्षांच्या आंत वांटणीपत्रावरील बहुतेक पक्षकारांच्या सीमा तरी बदलल्या किंवा ते स्वतःच उरले नाहींत. अनुच्छेद ३ प्रमाणें राज्यें जोडण्या-तोडण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधिमंडळाचें मत मागवावें लागतें, संमति लागत नाहीं. ज्या संघांतील घटक असे बदलतां येतात तेथें घटकांनीं आपसांत केलेल्या करारास वारस कोण, हा प्रश्न अमेरिकेच्या संघराज्यांत सहसा उद्भवत नाहीं. तेथें राज्याच्या संमतीवांचून त्याचा प्रदेश तोडतां येत नाहीं. आमच्याकडे तो वारंवार उद्भवतो. २ जून २०१४ रोजीं तेलंगण वेगळें झालें तेव्हां तो पुन्हां उद्भवला.

ह्यापुढें एक पाऊल मागें जाऊन पाहिलें तर १९५१ च्या बैठकींत मुंबईच्या नांवानें जें कृष्णाखोरें बोललें, त्यांतील सांगली, मिरज, औंध, जत हे मुलूख ८ मार्च १९४८ पर्यंत आपापल्या शिक्क्यानें कारभार करीत होते. साताऱ्याचे दोन जिल्हे होऊन दक्षिण सातारा, म्हणजे पुढील सांगली, हा जिल्हा १९४९ सालीं निघाला. विलीन झालेल्या संस्थानांच्या पाणीहक्कांचे कागद मुंबईच्या सचिवालयांत कितपत पोंचले होते, हें दक्षिणी संस्थानांच्या दप्तरांवर काम करणाऱ्यांनीं तपासण्यासारखें आहे. आमचा कयास असा कीं, दिल्लीस गेलेली मुंबईची बाजू ही मुख्यतः ब्रिटिश जिल्ह्यांच्या पाटबंधारे खात्याच्या नोंदींवर उभी असावी. पण हा कयासच आहे.

मैसुरानें नाकारलेल्या त्या कागदानंतर २३ मार्च १९६३ रोजीं केंद्रीय मंत्र्यांनीं लोकसभेंत निवेदन करून तात्पुरते आंकडे सांगितले : महाराष्ट्र ४००, मैसूर ६००, आंध्र प्रदेश ८०० अब्ज घनफूट. (व्यवहारांत ह्यासच टीएमसी म्हणतात.) ह्या निवेदनास निवाड्याचें बळ नव्हतें. लवाद नेमला गेला तो १० एप्रिल १९६९ रोजीं, म्हणजे कायदा झाल्यावर तेरा वर्षांनीं. केंद्र ह्या व्यवस्थेंत न्यायाधीश नाहीं हें खरें. पण दारावरील कडी त्याच्या हातांत आहे, आणि ती केव्हां काढावयाची हें ठरवितांना राजकारण आड येतें. १९५६ च्या कायद्याचें हें व्यंग पुढें २००२ सालीं दुरुस्ती करून, तक्रार आल्यापासून वर्षाच्या आंत लवाद नेमण्याची मुदत घालून, काढण्यांत आलें.

निवाड्याच्या गुणांविषयीं प्रथम लिहितों, कारण ते थोडे नाहींत. २४ डिसेंबर १९७३ चा निर्णय, त्यावर राज्यांनीं मागितलेले खुलासे, आणि २७ मे १९७६ चा पुढील अहवाल, अशी ह्याची वाढ आहे व ती वाचकास टप्प्याटप्प्यानें दिसते. शंभरांत पंचाहत्तर वर्षीं खात्रीनें मिळेल असें पाणी २०६० अब्ज घनफूट धरून त्यांतील ५६० महाराष्ट्रास, ७०० कर्नाटकास, ८०० आंध्र प्रदेशास दिलें. वापरून परत येणाऱ्या पाण्याचा हिशेब मागाहून मिळविण्याची सोय ठेवली, आणि त्यायोगें महाराष्ट्राचा वांटा ५८५ पर्यंत गेला. कोयनेविषयींचें दहावें कलम तर मुद्दाम वाचावें असें आहे. पश्चिमेस नेण्याचें पाणी कोणत्याही जलवर्षांत ६७.५ अब्ज घनफुटांहून अधिक नसावें; परंतु १ जून १९७४ पासून दहा वर्षें ९७, १९८४ पासून पांच वर्षें ८७, आणि १९८९ पासून पांच वर्षें ७८ इतकें नेण्याची मोकळीक. इस्ताव्याचा कौल ज्यांनीं वाचला आहे त्यांस ही मांडणी ओळखीची वाटेल. तेथें पडजमीन लागवडीस आणणाऱ्या कुळाचा सारा वर्षागणिक चढत जातो. येथें चालत असलेला वापर वर्षागणिक उतरत जातो. दोहोंमागील शहाणपण एकच आहे : माणसास किंवा राज्यास नव्या स्थितींत बसण्यास वेळ द्यावा, आणि तो वेळ आधींच कागदावर मोजून द्यावा. खोऱ्याबाहेर पाणी नेणें मुळांतच बेकायदा आहे असें लवादानें मानलें नाहीं, आणि चालूं असलेली वीज एकाएकी बंदही केली नाहीं, मर्यादा घातली. हा भाग आम्हांस निवाड्यांतील सर्वांत परिपक्व भाग वाटतो.

जलवर्षाची व्याख्याही पाहण्यासारखी आहे. तें १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपतें. मराठी दप्तरांतील सुहूर सन मृगाच्या सुमारास, जूनच्या पहिल्या आठवड्यांत, बदलतो हें सर्वांस माहीत आहे. लवादापुढें तें मृगसाल नसणार, हें निराळें सांगावयास नको. पावसानेंच दोघांकडून तें करविलें. पण सुहूर सनाचें गणित शिकवितांना विद्यार्थ्यांस हें उदाहरण द्यावें.

आतां दोष. २०६० हा आंकडा कोठून आला ? विजयवाड्याच्या बंधाऱ्यावरील १८९४-९५ ते १९७१-७२ ह्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मोजणींतून. तो पक्षकारांसही मान्य होता. परंतु पक्षकारांनीं मान्य केलेला पुरावा आणि तपासलेला पुरावा ह्यांत अंतर आहे. नदीच्या खालच्या टोंकास, एका बंधाऱ्याच्या कालव्यांचा कारभार चालविण्यासाठीं, पाटबंधारे खात्यानें ठेवलेल्या ह्या नोंदी; वर कोठें किती पाणी वापरलें गेलें हें त्यांत मिळवून मग सारें खोरें उभें करावयाचें. एकाच लेखकाच्या एकाच बखरीवरून राज्याचा इतिहास लिहिण्यासारखें हें काम आहे. बखर प्रामाणिक असली तरी ती एकाच ठिकाणाहून पाहते. दुसऱ्या लवादानें, ज्याचे अध्यक्ष न्या. ब्रिजेश कुमार, १९६१-६२ ते २००७-०८ ह्या सत्तेचाळीस वर्षांची मालिका घेतली, पंचाहत्तराऐवजीं पांसष्ट टक्के खात्रीचें पाणी वांटणीस धरलें आणि २२९३ हा आंकडा काढला. नदी तीच, मोजण्याचीं वर्षें व खात्रीचें प्रमाण बदललें म्हणजे दोनशेंहून अधिक अब्ज घनफूट पाणी कागदावर वाढतें. आंकडा वाचतांना त्याची व्युत्पत्ति वाचावी लागते ती ह्यासाठीं.

ह्याहून गंभीर दोष भूजलाचा. प्रत्येक राज्यास आपल्या हद्दींतील भूगर्भांतलें पाणी वापरण्याची मोकळीक आहे व तो वापर कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून मोजूं नये, असें निवाडा म्हणतो. विहीर आणि नदी हीं एकाच पाण्याचीं दोन तोंडें आहेत, हें माणगंगेच्या कांठीं राहणाऱ्या शेतकऱ्यास कळतें. मोजण्यास अवघड म्हणून तें सोडून दिलें असेल तर तसें स्पष्ट लिहावयास हवें होतें.

शिक्क्याचा प्रश्न हा कागदपरीक्षकास सर्वांत रोचक. कायद्याप्रमाणें लवादाचा निर्णय राजपत्रांत छापला जाईपर्यंत तो अहवालच. छापला म्हणजे बंधनकारक. राजपत्रांतील प्रसिद्धि हें आजचें मोर्तबसुद होय. बच्छावत लवादानें दोन योजना लिहिल्या होत्या. पहिली, म्हणजे वर सांगितलेली ठोक वांटणी, छापल्याबरोबर अंमलांत आली. दुसरींत तुटीच्या व भरीच्या वर्षीं पाणी कसें वांटावें हें सांगून त्यासाठीं कृष्णाखोऱ्याचें एक प्राधिकरण सुचविलें होतें. पण तें राज्यांच्या एकमतानें किंवा संसदेच्या कायद्यानेंच होण्यासारखें होतें, आणि दोहोंपैकीं कांहींच घडलें नाहीं. पुढें कर्नाटकानें ह्या दुसऱ्या योजनेच्या अंमलासाठीं सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला, तेव्हां ता. २५ एप्रिल २००० च्या निकालांत, ती योजना लवादाच्या निर्णयाचा भागच नव्हे असें न्यायालयानें ठरविलें. एकाच हातचा, एकाच ग्रंथांत बांधलेला मजकूर. त्यांतील अर्धा अस्सल सनद ठरला, अर्धा मसुदा. जुन्या दप्तरांत असा प्रसंग आला तर आपण शाई, कागद आणि हस्ताक्षर पाहून निर्णय करतों. येथें तिन्ही सारखीं असून अंमलाचें बळ कोणत्या भागास मिळालें एवढ्यावरच भेद करावा लागतो. संग्राहकांनीं ह्या निवाड्याची प्रत ठेवतांना २००० सालचा निकाल तिच्यासोबत बांधून ठेवावा. एरवीं पन्नास वर्षांनीं कोणी अभ्यासक दुसऱ्या योजनेस झालेली व्यवस्था समजून तिच्यावर प्रबंध लिहील.

दुसऱ्या लवादाची स्थिति तर ह्याहून विलक्षण. २ एप्रिल २००४ रोजीं तो नेमला गेला, ३० डिसेंबर २०१० रोजीं त्यानें निर्णय दिला, आणि २९ नोव्हेंबर २०१३ रोजीं पुढील अहवाल दिला. मधल्या काळांत, २०११ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें प्रसिद्धीस मनाई केली, आणि त्यानंतरचीं दहा वर्षें उलटून गेलीं तरी मोर्तब झालें नाहीं. २००२ च्या दुरुस्तीनें छापलेल्या निर्णयास सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाइतकें बळ दिलें आहे. न छापलेल्याचें बळ किती, ह्याचें उत्तर शून्याच्या जवळपास येतें. पेशव्यांच्या काळीं हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेत असत. आधीं राजीनामा आणि जामीन, शेवटीं येजितखत व हरकी, अशी साखळी होती, आणि हरलेल्याच्याच हातचें लिखाण जिंकलेल्याच्या संदुकींत राहत असे. संघराज्यांत राज्याकडून येजितखत मागण्याची सोय नाहीं. निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या मंत्र्यास आपल्या राज्याचा दावा खोटा होता असें लिहून देतां येत नाहीं, आणि तशी अपेक्षाही करूं नये. म्हणूनच बच्छावत निवाड्यानें, ३१ मे २००० नंतर ह्याचा फेरविचार करतां येईल, असें स्वतःच्याच चौदाव्या कलमांत लिहून ठेवलें. मुदतबंद निवाडा हा प्रकार जुन्या मजालशींस रुचला नसता. आम्हांस मात्र तो प्रामाणिक वाटतो.

येथवर निवाड्यांत जें आहे त्याचें परीक्षण झालें. वगळलेलें काय, हें पाहण्यास मजालशीची यादी पुरे. पक्षकार म्हणून राज्यें आहेत. दुसरें कोणी असूंही शकत नाहीं, कारण १९५६ च्या कायद्यानें तक्रारीचा अधिकार राज्य सरकारासच दिला आहे. महजराच्या शेवटीं पाटलाचा नांगर, सुताराचें किंकरें, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी अशा निशाण्या असतात. त्यावरून सर्व गांवास समान आवाज होता असा अर्थ काढणें भाबडेपणाचें आहे. वतन नसलेला उपरी त्या यादींत नाहीं, बायका जवळजवळ नाहींतच, आणि निशाणी करणाऱ्यास मजकूर वाचतां येत होता असेंही नाहीं. तरी ज्या जमिनीविषयीं किंवा पाटाविषयीं निवाडा, तिच्यावर राहणारीं माणसें कागदावर दिसतात. बच्छावत निवाड्याच्या कोयनेविषयींच्या कलमांत पाणी दिसतें, वीज दिसते, वर्षें दिसतात. कोयनेचें खोरें दिसत नाहीं. ज्यांचीं गांवें शिवसागराखालीं गेलीं त्यांस ह्या मजालशींत जागाच नव्हती.

ह्यावर कोणी म्हणेल कीं त्यांच्या वतीनें महाराष्ट्र हजर होता. हें उत्तर अर्धवट आहे, आणि संघराज्याच्या घडणींतील खरी अडचण येथेंच आहे. राज्य सरकार दिल्लीपुढें उभें राहतें तेव्हां तें कोयनाखोऱ्याचें मुखत्यार असतें. तेंच राज्य सरकार पाटण आणि जावळी तालुक्यांत उतरलें तेव्हां १८९४ च्या कायद्याखालीं जमीन काढून घेणारें होतें. ज्या ६७.५ साठीं तें लवादापुढें भांडलें, त्याच पाण्याखालीं गेलेल्या शेतांची भरपाई ठरविणारेंही तेंच. मुखत्यार आणि प्रतिपक्ष एकाच अंगरख्यांत असले म्हणजे अशिलाची कैफियत वरच्या मजालशींत पोंचत नाहीं. ह्यांत कोणाचा कपटभाव असावा लागत नाहीं. कागदांची रचनाच तशी आहे. राज्यांस अधिक अधिकार मिळाले म्हणजे खोऱ्यास न्याय मिळेल, किंवा केंद्र बळकट झालें म्हणजे मिळेल, असे जे दोन पक्ष नेहमीं मांडले जातात, ते दोन्ही ह्या कलमापाशीं थांबतात.

१९७६ हें साल ह्या दृष्टीनें नीट पाहावें. ३१ मे रोजीं निवाडा छापला गेला. त्याच सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें प्रकल्पामुळें उठलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. तो राज्याचा कायदा, आणि तो येईपर्यंत कोयनेचीं गांवें उठून दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्याच सालीं, आणीबाणी चालूं असतांना, संसदेनें संविधानाची बेचाळिसावी दुरुस्ती मंजूर केली, आणि तिनें वनें राज्यसूचींतून काढून समवर्ती सूचींत घातलीं. निवाडा, राज्याचा कायदा आणि संविधानाची दुरुस्ती हे तीन कागद तीन वेगवेगळ्या दारांतून निघाले. तिघांवर कोयनेचें नशीब होतें, आणि एकानेंही दुसऱ्या दोहोंकडे पाहिलें नाहीं. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर राज्यास वनजमीन वनेतर कामास द्यावयाची तर केंद्राची पूर्वसंमति आवश्यक झाली. १९८५ सालीं कोयना अभयारण्य झालें, २०१० सालीं तें सह्याद्री व्याघ्र प्रकल्पांत गेलें, २०१२ सालीं पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याची नोंद झाली. ह्या प्रत्येक पावलाचें समर्थन करतां येईल आणि आम्ही तें नाकारीत नाहीं. परंतु ज्या कुटुंबास राज्यानें उठविलें, त्यास बदली जमीन देण्यास राज्यानें वनाकडे बोट दाखवावें आणि वनासाठीं केंद्राकडे पाहावें, असा फेरा त्यामुळें निर्माण झाला. २०१८ सालीं कोयनानगरास धरणग्रस्तांनीं ठिय्या दिला तेव्हां धरणांत पाणी अडवून अर्धशतक उलटलें होतें. मधल्या काळांत, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपांत, जे घरदार व त्यासोबत कागदांची पेटी गमावून बसले त्यांची गोष्ट निराळी.

ह्या फेऱ्यांत पुरावा काय लागतो ? कागद. अमुक गट अमुक सालीं बुडाला, तो अमुकाच्या नांवें होता, भरपाई उचलली किंवा निषेध नोंदवून उचलली, बदली जमीन मंजूर झाली पण ताबा मिळाला नाहीं, हें सिद्ध करण्याचा भार कुटुंबावर असतो. निवाड्याच्या छापील प्रती ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. त्या कोठें जाणार नाहींत. हे दुसरे कागद मात्र पत्र्याच्या पेट्यांत, कांहीं खोऱ्यांतच वर सरकलेल्या वस्त्यांत, कांहीं सांगली, सोलापूर, रायगड, ठाणें ह्या जिल्ह्यांत पांगलेल्या घरांत आहेत. गांव उठतें तेव्हां देव आणि पेटी बरोबर जाते. दोन पिढ्यांनीं देव राहतो, पेटी विस्कटते. महाराष्ट्रांतील वतनी कागद गोळा करण्यास जी मंडळी गांवोगांव हिंडली, त्यांच्याच पद्धतीनें हें काम व्हावयास हवें, आणि तें निवाड्याच्या अभ्यासाचा भाग समजून व्हावयास हवें. कोयनेचा इतिहास म्हणून एकटें दहावें कलम उद्धृत करणारा लेखक वादी-प्रतिवादींपैकीं एकाचीच कैफियत छापतो.

संग्राहकांसाठीं दोन व्यावहारिक गोष्टी. भूसंपादनाच्या नोटिसा व निवाडे (ह्या कागदांसही निवाडाच म्हणतात, त्यामुळें सूचींत घोटाळा होतो, पाण्याचा निवाडा आणि भूसंपादनाचा निवाडा अशी वेगळी नोंद करावी) यांच्या प्रती घेतांना मूळ कागद कुटुंबाकडेच ठेवावा. तो त्यांच्या दाव्याचा आधार आहे. संग्रहाची शोभा वाढविण्यासाठीं तो उचलून आणणें अन्यायाचें होईल. आणि प्रत घेतांना पाठीवरचे शेरे सोडूं नयेत. पुढल्या बाजूस बहुधा छापील मजकूर असतो. मागल्या बाजूस तलाठ्याच्या, पुनर्वसन कारकुनाच्या हातच्या तारखा, गट-क्रमांक आणि "समक्ष" असा शब्द असतो, आणि कित्येकदां तीच एक नोंद अशी असते कीं जींत त्या माणसाचें नांव पुरें लिहिलेलें सांपडतें.